आक्कांची छत्री

सोलापुरात छत्री बाळगणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात राहणाऱ्या आक्कांच्या हातात मात्र बारा महिने छत्री असायची, आणि तीही घरात. काळी, जुनी, तीन काड्या मोडलेली. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. दर शनिवारी दुपारी चार वाजता बायका त्यांच्याकडे बायबल अभ्यासाला जमल्या, की आक्का दारात यायच्या, छत्री उलटी धरायच्या आणि तिच्या वाकड्या मुठीने उंबऱ्याबाहेरच्या चपला एकेक करून फिरवायच्या. आत येताना काढलेल्या चपलांची तोंडं घराकडे असतात. आक्का ती रस्त्याकडे करून ठेवायच्या.

"आक्का, राहू द्या की," कोणीतरी म्हणायचंच.

"ऱ्हाऊ दे कसं? जाताना उंबऱ्यावर गिरकी घेणार व्हय? निम्म्या जणींचं गुडघं गेल्यात."

नवीन आलेली बाई फारच संकोचली, तर आक्का तिला समजावून सांगत, "प्रभूनं शिष्यांचं पाय धुतलं. मला तेवढं वाकवत न्हाय, म्हणून चपला. त्याबी छत्रीनं. काय म्हणायचं असंल ते म्हणू दे त्याला."

माझ्या चपलांवर ही छत्री पहिल्यांदा फिरली, तेव्हा आम्ही त्या बोळात राहायला येऊन महिना झाला होता. यजमानांची नोकरी बदलली म्हणून आलो होतो. शेजारी आमच्यासारख्याच ख्रिस्ती बाई आहेत हे कळलं होतं, पण मी होऊन ओळख करून घेणं शक्य नव्हतं. मी अडखळत बोलते. आता जरा कमी, तेव्हा फार. त्यातही 'प' माझा वैरी. आणि माझं नाव प्रमिला. आईवडिलांनी हौसेनं ठेवलं, त्यांना काय कल्पना. माणसाला नाव विचारावं आणि त्यानं दिवाळखोरासारखं तोंड करून उभं राहावं, हा प्रसंग तुमच्यावर आला नसेल तर देवाचे आभार माना.

आक्कांनीच मला दारात गाठलं. "सलाम. नाव काय गं तुझं?"

मी ओठ मिटले ते मिटलेच. अशा वेळी लोक काय करतात ते मला पाठ आहे. कोणी खाली बघतं, कोणी "पुष्पा? पद्मा?" असे अंदाज करतं, कोणी "असू दे, असू दे" म्हणतं. आक्कांनी यातलं काही केलं नाही. छत्रीवर दोन्ही हात ठेवून त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, दूध उतू जायची भीती नसलेल्या बाईसारख्या. बऱ्याच वेळानं नाव बाहेर पडलं. घाम पुसत मी "माफ करा" म्हणाले.

"माफी कशाची? घाई कुणाला हाय?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गॅसवाला उशिरा आला, "घाई कुणाला हाय." पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, तरी तेच. आयुष्यभर त्यांनी सरकारी दवाखान्यात वॉर्डातली मावशी म्हणून नोकरी केली होती. तिथे सगळ्यांनाच घाई असते. कदाचित म्हणूनच निवृत्तीनंतर त्यांनी घाईचं नाव टाकलं असावं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत चटया आणि त्यावर सोलापुरी चादरी अंथरलेल्या. शनिवारी दहाबारा बायका असत. अभ्यासाचा पहिला नियम असा, की आधी चहा, मग वचन. "उपाशी माणसाला वचन कळत न्हाय, कळल्यासारखं दिसतं नुस्तं," आक्का म्हणत. चहाबरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, कधी शेंगापोळी. कोण कुठल्या मंडळीची, बाप्तिस्मा झाला की नाही, याची चौकशी नव्हती. पूर्व भागातून विड्या वळणारी राजम्मा यायची, ती तेलुगू बायबल घेऊन. एक निवृत्त टीचर यायच्या, त्यांच्याकडे जुन्या भाषांतराचं जाडजूड बायबल होतं. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बायजाबाई बसायच्या. त्या ख्रिस्ती नव्हत्याच. माळशिरसकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लेकाच्या नोकरीपायी शहरात येऊन पडलेल्या. कपाळभर कुंकू, कानाने अधू. "मी आपली च्याला येती," त्या सरळ सांगायच्या. आक्का म्हणायच्या, "ये की. बाकीच्याबी त्यासाठीच येत्यात, बोलत न्हाईत एवढंच."

याच बायजाबाईंनी पहिल्या शनिवारी माझ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं, मला बहिरी-मुकी ठरवलं, आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडल्या, "च्या घे च्या!" स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती बाई सगळ्या जगाला ओरडून सांगत असे. माझ्या हातातला कप हिंदकळला. सगळ्या हसल्या, मीही हसले. इतक्या बायकांत बसून हसायला मला कितीतरी वर्षांनी मिळालं होतं.

पण अभ्यास सुरू झाला आणि हसू मावळलं. तिथली रीत अशी होती: पहिलं वचन घरच्या बाईनं एकटीनं वाचायचं, मग वर्तुळाने प्रत्येकीनं एकेक. आता आमच्यासारख्या माणसांचं एक गुपित सांगते. असं वर्तुळ सुरू झालं की आम्हाला वचनबिचन काही ऐकू येत नाही. आपल्या वाट्याला कुठलं येणार ते बोटानं मोजत आम्ही पुढे जातो आणि तिथे कुठला शब्द दबा धरून बसलाय ते बघतो. त्यात बायबलमध्ये पानोपानी येणारा शब्द 'परमेश्वर'. 'प' वर अडणाऱ्या बाईनं कुठे जाऊन बसू नये, तर तिथे मी बसले होते.

दोन शनिवार निभावले. तिसऱ्या शनिवारी माझं वचन 'परमेश्वर' नेच सुरू होत होतं. पाळी आली. मी ओठ मिटले. टीचरना राहवेना. पोरांच्या चुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. "परमेश्वर," त्या हळूच म्हणाल्या, माझ्या वतीनं.

"टीचर," आक्का म्हणाल्या, "तिचा शब्द तिच्या तोंडात हाय. तुमी कशाला काढताय?"

आवाजात राग नव्हता, पण टीचर कानकोंड्या झाल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोकल्याचं सोंग करून मी उठले, चपला अडकवल्या आणि घरी आले. चपला वळवलेल्या होत्या, त्यामुळे पळणं सोपं गेलं.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. त्या दिवसांत माझी मुलगी तिसरीत होती. शाळेच्या पालक मीटिंगला तिने बाईंना परस्पर सांगून टाकलं होतं, "आईचा घसा बसलाय, पप्पा येतील." मला ते दुसऱ्याकडून कळलं. मुलीवर रागावण्यासारखं काही नव्हतं. तिनं माझी अब्रूच राखली होती. पण त्या रात्री मी ठरवलं, की आता कुठेच जायचं नाही. नोकरी मी अशीच शोधली होती, एका खाजगी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधली. दिवसभर फायली, फायली नाव विचारत नाहीत. तेवढं पुरे होतं.

आक्का समजूत घालायला आल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर मी दार उघडलं नसतं, हे त्यांना माहीत असावं. त्यांनी राजम्माच्या हाती शेंगापोळ्यांचा डबा पाठवला. राजम्मा निरोप सांगून गेली, "आक्का बोलली, डबा रिकामा द्यायचा नाही. शनिवारी घेऊन यायचा." बघा, कशी कोंडी केली. दुसऱ्याचा डबा ठेवून घेता येत नाही आणि रिकामा परत पाठवता येत नाही. मी गव्हाची खीर केली, डबा भरला, आणि शनिवारी चारला नुसता देऊन परत यायचं असं ठरवून गेले.

आक्का दारातच होत्या. डबा घेतला आणि छत्रीने माझ्या चपला वळवल्यासुद्धा, मी काढायच्या आत म्हटलं तरी चालेल.

चहा झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आजपासनं बदल हाय. माझं डोळं गेलं. अक्षर दिसंना. पहिलं वचन मी पाठ म्हणीन, पण म्होरं सगळ्या मिळून मोठ्यानं वाचा. एकेकीचा आवाज बी मला नीट येत न्हाय आता."

"डोळ्यांनी आवाज कसा येईल आक्का?" टीचरनी विचारलं.

"वाचा म्हणतीया नव्हं?"

'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे मेंढपाळाचं स्तोत्र होतं. आक्कांनी पहिलं वचन पाठ म्हटलं आणि आम्ही सगळ्या एकदम सुरू झालो. आणि जे झालं ते सांगायला हवं. टीचर जुन्या भाषांतरातून, चारजणी नव्या सोप्या भाषांतरातून, एक मोबाईलवरच्या तिसऱ्याच भाषांतरातून आणि राजम्मा खणखणीत तेलुगूत. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू होई. टीचरना वाटलं बाकीच्या चुकताहेत, म्हणून त्यांनी आवाज चढवला. बाकीच्यांना वाटलं टीचर चुकवताहेत, म्हणून त्यांनीही चढवला. राजम्मा कोणाला हार जाणारी नव्हे. बायजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण आपण मागे का राहावं, म्हणून त्या मधूनमधून "आमेन! आमेन!" ओरडत होत्या.

एवढ्यात समोरच्या घरातले खाजाभाई टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आले. "क्या हुआ आक्का? कायकू झगडरें सब?"

"झगडा न्हाय भाई, वचन वाचतोय," आक्का म्हणाल्या.

खाजाभाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं. "ऐसा? तो पढो पढो," म्हणाले, आणि आलेच आहेत तर चहा पिऊन गेले.

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. त्या गोंधळात मी स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं होतं. मोठ्याने. 'परमेश्वर' सकट, कुठेही न अडकता. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी आक्कांकडे बघितलं, तर त्या बशीतली शेंगाचटणी बोटाने गोळा करत होत्या.

त्याच दिवशी बायजाबाईंनी आम्हाला ते स्तोत्र समजावून दिलं, तेही सांगते. टीचर 'तो मला हिरव्या कुरणात बसवतो' याचा अर्थ सांगत होत्या. बायजाबाईंना शेजारणीने तो कानात ओरडून ऐकवला. त्या मान हलवत म्हणाल्या, "मेंढरू असं सांगून बसत न्हाय, बाई. भ्या असलं तर बसत न्हाय, भूक असली तर बसत न्हाय. कळपात डिवचणारं कुणी असलं तरी बसत न्हाय. ते बसलं म्हंजी धनगर चांगला हाय, समजायचं." टीचरनी वहीत लिहून घेतलं. मी माझ्याकडे बघितलं. मी चटईवर मांडी घालून बसले होते.

त्यानंतर चार वर्षं मी शनिवार चुकवला नाही. दोन बोळांपर्यंत आमचं वाचन ऐकू जायचं. पुढे सगळ्यांनी वर्गणीचा घोळ न घालता हळूहळू एकच भाषांतर घेतलं. राजम्मा मात्र तेलुगूच राहिली आणि ते बरंच झालं. आक्कांना मोबाईलवर टाइप करता येत नव्हतं, त्या आवाजाचे निरोप पाठवायच्या. मी लिहून उत्तर द्यायची. एकदा त्यांनी दटावलं, "मला वाचाय लावतीस व्हय? बोल की." तेव्हा मी पहिला निरोप बोलून पाठवला. 'परवा येते' एवढंच सांगायचं होतं, त्याला पाऊण मिनिट लागलं. आक्कांचं उत्तर आलं, "दोनदा ऐकला. लई ब्येस."

ज्या वर्षी मुलगी सहावीत गेली, त्या वर्षी ती म्हणाली, "मीटिंगला तूच ये." मी गेले. अडकले, थांबले, बोलले. परत येताना मी शेंगापोळ्यांसाठी शेंगदाणे आणि गूळ घेऊन सरळ आक्कांकडे गेले. आनंद झाला की माणूस कुठे जातं त्यावरून त्याचं घर कळतं म्हणतात. माझे पाय तिकडे वळले खरे.

आक्का दारात उजेडाला बसून उशीची खोळ शिवत होत्या. चष्मा नव्हता. माझ्यादेखत त्यांनी दोरा तोंडात ओला केला आणि एका झटक्यात सुईत ओवला.

"आक्का, डोळे?"

"डोळ्याला काय झालंय?" त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली.

मग सुई खोळीत टोचून ठेवत त्यांनी सांगितलं. माहेरी, जेऊरला, त्यांचा थोरला भाऊ होता, माझ्यासारखाच अडखळणारा. शाळेत मास्तर त्याला मुद्दाम उभा करायचे आणि पोरं हसायची. "हळूहळू त्यो बोलायचाच बंद झाला. धा वर्सं जगला त्यानंतर, पर घरात कुणाला त्याचा आवाज ठावं न्हाय. रविवारी मिशनच्या देवळात तेवढा ऐकाय यायचा. सगळ्यांत मिसळून गायचा, वाचायचा, तवा कुटं अडत नव्हता. मी बारकी होती. माज्या ध्यानात आलं, पर मोठ्यांना सांगायचं सुचलं न्हाय." त्यांनी खोळीवरचा दोरा झटकला. "तू पळालीस त्या दिवशी मला त्यो दिसला."

"मग सांगायचं ना मला. डोळ्यांचं खोटं कशाला?"

"सांगितलं असतं तर आली असतीस? 'माझ्यासाठी करत्यात' म्हणून आणखी चार गल्ल्या लांब पळाली असतीस."

खरं होतं. माझा स्वभाव तसाच आहे. तीन वर्षं एक धडधाकट डोळ्यांची बाई माझ्यासाठी आंधळी होऊन बसली, आणि प्रभूला काय सांगायचं ते तिचं ती बघून घेणार होती. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या हातातून शेंगदाणे घेतले आणि निवडायला लागल्या.

गेल्या वर्षी आक्कांच्या हृदयानं दगा दिला. पुण्याहून मुलगा आला, दवाखान्यात ठेवलं. मी रोज कामावरून सुटल्यावर जायची. ज्या खाटा आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झाडल्या, तसल्याच खाटेवर त्या पडून होत्या आणि तिथल्या मावशींना चादर कशी ओढायची ते शिकवत होत्या. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "शनिवार आता तुझ्याकडं."

"माझ्याकडे कसा? पहिलं वचन घरच्या बाईनं एकटीनं वाचायचं असतं."

"वाचायचं."

"आक्का, मी अडकेन."

"अडकशील की. मी कुटं न्हाय म्हणतीया?" बोलताना त्यांना धाप लागत होती. "माझा भाऊ चौघांत मिसळूनच बोलला. एकट्यानं बोलायची पाळी त्याला कुणी दिलीच न्हाय. तू घे."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"घाई कुणाला हाय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. आमचं हे शेवटचं बोलणं. बुधवारी त्या गेल्या. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी वाचलं, आम्ही मिळून गायलो, खाजाभाईंनी खांदा दिला. मुलाने घर आवरताना विचारलं, आईचं काही हवं का. मी छत्री मागितली. त्याला वाटलं मी चुकून बोलले, म्हणून त्याने दोनदा विचारलं.

तीन शनिवार ओस गेले. चौथ्या शनिवारी मी चटया अंथरल्या, चहा ठेवला. बायका आल्या. चहा झाला. मी बायबल उघडलं. 'परमेश्वर' नेच सुरू होणारं मेंढपाळाचं स्तोत्र मीच निवडलं होतं. सोपं स्तोत्र निवडता आलं असतं, पण मग ते आक्कांनी दिलेलं घेतल्यासारखं झालं नसतं.

ओठ मिटले आणि मिटलेच राहिले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. कुकरची वाफ ओसरेपर्यंत तरी गेला असेल. माझी मुलगी आतल्या दाराशी उभी होती. टीचर समोरच होत्या. त्यांचे ओठ हलले नाहीत. हात मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या होत्या; त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं मला. राजम्माने पुस्तकावर बोट ठेवलं होतं आणि बोट हलत नव्हतं. कोणी खाली बघितलं नाही, कोणी खोकलं नाही. माझा शब्द माझ्या तोंडात होता आणि अकरा बायका त्याची वाट बघत होत्या.

तो आला. त्याच्यामागून बाकीचे आले, काही सरळ, काही ठेचकाळत. वचन संपलं. मग सगळ्यांनी एकदम सुरुवात केली आणि खोली आवाजाने भरून गेली.

अभ्यास संपल्यावर बायका दाराशी गेल्या आणि तिथेच घोटाळल्या. चपलांची तोंडं घराकडे होती. सगळा जीव वाचण्यात अडकल्यामुळे मी ते विसरूनच गेले होते. मी आत धावले, छत्री आणली, आणि वाकड्या मुठीने पहिला जोड फिरवायला लागले. वाटतं तितकं सोपं नाही ते. चप्पल घसरते, उलटी पडते. बायका उंबऱ्यात दाटीवाटीने उभ्या होत्या.

"होईल, होईल, जरा थांबा हं," मी म्हणाले.

बायजाबाईंना ते ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. पण त्यांनी भिंतीला हात टेकला, दुखऱ्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं माझ्यावर ओरडल्या, "घाई कुणाला हाय?"